मंद्रातली भूपाळी

आंदर मावळातल्या आमच्या देवळात पहाटे देवाला उठवण्याची एक रीत होती. माझे वडील गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून भूपाळी म्हणत. पहिले कडवे इतके हळू, की सभामंडपातल्या माणसाला केवळ ओठ हलताना दिसावेत. निजलेल्याला दचकवून उठवू नये, मग तो देव असो वा तान्हे मूल, असे ते सांगत. कडव्यागणिक आवाज चढत जाई आणि कौलांच्या फटींतून उजेड आत येताना शेवटची ओळ घंटेच्या जोडीने टिपेला पोहोचे. मंद्र, मध्य आणि तार ही आवाजाची खालपासून वरपर्यंतची तीन स्थाने मी पाठशाळेत घोकली होती. त्यांचा अर्थ मला त्या उंबऱ्यापाशी कळला.

सत्तरच्या दशकात गावात वीज आली आणि तिच्यामागोमाग देवळाच्या शिखराला कर्णा बांधला गेला. वडिलांना सारा गाव आबा म्हणे, मीही तेच म्हणे. पुढे दम्यामुळे त्यांना पहाटे उठवेनासे झाले, तेव्हा देवस्थानाच्या पंचांनी त्यांची भूपाळी टेपवर घेण्याचे ठरवले. हेतू वाईट नव्हता, एवढे मी मान्य करतो. लोणावळ्याचा लाउडस्पीकरवाला आपले यंत्र घेऊन दुपारीच आला.

"यात आवाज आपोआप सारखा होतो," तो अभिमानाने म्हणाला. "आबा कुजबुजले काय आणि ओरडले काय, ऐकणाऱ्याला एकच!"

"मग मी चढायचं कशाला?" आबांनी विचारले.

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

आबांनी पहिले कडवे धरले, तर ते त्या यंत्राच्याही पकडीत येईना; काटा जागचा हलेना. त्या माणसाने मला हाताने खूण केली. मी आबांच्या कानाशी, मायक्रोफोनच्या अगदी जवळ वाकून पुटपुटलो, "आबा, जरा मोठ्यानं." त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले आणि आवाज चढवला. देवाला आयुष्यभर ज्या हळुवारपणे त्यांनी जागे केले, तो हळुवारपणा मी एका काट्यासाठी मोडायला लावला.

पुढच्या पावसाळ्याआधी आबा गेले आणि टेप रोज वाजू लागली. पहिले कडवे आणि शेवटचे कडवे, दोन्ही सारखीच अंगावर येत. आबा श्वासासाठी थांबत, तेवढ्यात यंत्र हावरटासारखे जे मिळेल ते ओढून वर काढी : छातीतली घरघर, पारव्यांची फडफड, कुणाचा तरी खोकला. सारे देवाच्या नावाइतकेच मोठे. आणि त्यातच माझी कुजबुज, खोऱ्याच्या पलीकडल्या वाडीपर्यंत खणखणीत : "आबा, जरा मोठ्यानं!"

"गुर्जी," एक शेतकरी मला पाराशी म्हणाला, "द्येव उटायच्या आदी तुमी बापालाच दटावता की वो!"

मी पंचांकडे गेलो. कर्णा बंद करा, भूपाळी मी रोज म्हणतो, अशी विनवणी केली.

"न्हाई गुर्जी, लोकांला आवडतंय. आन् तुमचं म्हननं कुनाला ऐकू येतंय?"

ऐकू येऊ नये म्हणूनच तर पहिले कडवे असते! पण हे मी कुणाला समजावणार होतो? नेम मोडू नये म्हणून त्या कर्ण्याखाली बसून मी तीन वर्षे भूपाळी म्हटली. माझा शब्द मलाच ऐकू यावा म्हणून आवाज केव्हा चढत गेला, ते कळलेही नाही.

मग एका पहाटे वीज गेली. कर्णा मुका. मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले. उंबऱ्याशी बसलो, आबांच्या जागी, आणि पहिले कडवे म्हटले.

ते टिपेचे निघाले. थांबलो, श्वास घेतला, पुन्हा म्हटले. गळा खाली उतरेना. आबांचा मंद्र टेपवर नव्हता, आणि आता माझ्यातही उरला नव्हता.

पायरीवर पावले वाजली. ठाकरवाडीहून रोज फुले घेऊन येणाऱ्या मावशी टोपली उतरवून अंधारात शिखराकडे पाहत होत्या.

"गुर्जी," त्या म्हणाल्या, "समद्या गावात लाइट न्हाई, आन् तुमची टेप कशी वो चालू?"