फरशीवरचा अर्ज

"ए, तिथंच थांब. खाली ठेव."

कोर्टाच्या खिडकीतला कारकून माझ्याकडं न बघताच म्हणाला. मी भावाच्या सुटकेचा अर्ज फरशीवर ठेवला. शिपायानं त्यावर सॅनिटायझर मारलं आणि पायानं कागद आत सरकवला. पायानं. त्यावर माझ्या भावाचं नाव होतं.

करोना आहे बाई, सगळ्यांनाच असं करत असतील, अशी मी मनाची समजूत घातली. तेवढ्यात माझ्या मागून इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले. "या साहेब," म्हणत कारकुनानं त्यांचा कागद हातात घेतला आणि शिक्का मारून पोच दिली. मी बघत राहिले. मलाही द्या म्हणायला जीभ रेटली नाही.

आमच्या वस्तीत पोच कोण मागत नाही. साहेबानं कागद घेतला हेच उपकार. मागितली तर साहेब चिडंल, काम अडवंल, हे आईनं लहानपणापासून डोक्यात भरलेलं. मी बारावी शिकलेली. नवी पेठेत साडीच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी तोंड चालवणारी. पण त्या खिडकीपुढं मुकी झाले मेली.

संतोष माझा धाकटा भाऊ. त्यानं गोळा केलेल्या भंगारात चोरीची तार सापडली म्हणून धरलेला. गुन्हा शाबीत नव्हता, पण जामीन राहायला कुणी नव्हतं. साथीत तुरुंगातली गर्दी कमी करायला बारक्या गुन्ह्यातल्यांना तात्पुरतं सोडत होते. त्यासाठी अर्ज द्यायचा होता, एवढंच.

फोनवर तो म्हणाला, "अक्का, हितं कूस बदलायला जागा न्हाय. लई जण खोकत्यात. अर्ज दिलास न्हवं?"

"व्हय, दिला की."

आठवड्यानं गेले, तर कारकून म्हणाला, "असा अर्जच नाही. पोच दाखव." मी दुसरा अर्ज लिहिला. त्यावर हुकूम निघाला तेव्हा संतोषला जाऊन तीन दिवस झाले होते. प्लास्टिकात गुंडाळलेला, लांबूनच दाखवला. आजही भांडी घासताना मधेच त्याचा आवाज येतो. अर्ज दिलास न्हवं? मी नळ बंद करून नुसती उभी राहते.

महिन्याभरात शेजारच्या सुरेखामावशी आल्या. त्यांचा मुलगा विजू संतोषच्याच बराकीत होता. त्यांचा अर्ज लिहिला, मग आणखी बायका आल्या. आम्ही अकराजणी अर्ज घेऊन खिडकीवर गेलो.

"खाली ठेवा."

मावशी वाकायला लागल्या. मी त्यांचा दंड धरला.

"न्हाय ठेवणार. हातात घ्या. एकेकीला पोच द्या."

"मला कायदा शिकवतीस?"

"व्हय."

एकही बाई हलली नाही. दुपारी त्यानं हातमोजे चढवले आणि अकराही अर्ज हातात घेतले.

विजू घरी आला. मावशींनी त्याला माझ्या पाया पडायला आणलं. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. वाईट विचार आला मनात, हाच का वाचला म्हणून. लाज वाटली त्याची. अजून वाटते.

साथ सरली. बिनजामिनाची माणसं आतच आहेत. मी अजून अर्ज लिहिते. परवा आई म्हणाली, "आपला तर गेला. आता कुणासाठी जातीस?"

आपला गेला तो माझ्या गप्प बसण्यानं. त्या कारकुनाचा गुन्हा मोठाच, पण माझा मला माहीत आहे. माझ्या गुन्ह्याला माफी नको. नुसता गरीब म्हणून एक जरी माणूस आत असंल, तर मी त्या खिडकीवर जाणार. आणि आता गप्प बसायला जात नाही मी.