पट, हजेरी आणि पाटलांची नाचणी

सन १९३३, आषाढातला सोमवार. ठरलं ते असं : गुराख्याला घरामागे चार पायल्या भात. हजर : पाटलांसह वाडीच्या अठरा घरांचे कारभारी, धाकूबाबा आणि बोर्डाच्या शाळेचा मास्तर म्हणून मी.

आमच्या कामात दोन आकडे असतात. पट म्हणजे दाखल मुलांची नावं. हजेरी म्हणजे प्रत्यक्ष बसलेली मुलं. माझा पट तीस, हजेरी नऊ. बाकीची रानात, कारण प्रत्येक घर आपली गुरं आपल्याच पोराकडून राखून घ्यायचं. शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांनी बजावलं होतं, "पुढच्या खेपेला निम्मी मुलं दिसली नाहीत तर शाळा बंद." दुसरी शाळा सावित्री नदीपलीकडे, पोलादपुरात. पावसाळ्यात पोरांना पाण्यातून कोण पाठवणार?

म्हणून मी सुचवलं, सगळी गुरं एकाच माणसानं राखावी. धाकूबाबा मुंबईची गिरणी सोडून घरी आले होते. म्हणाले, "राखतो. पन झोडनी झाली का भात मोजून घेनार."

हजेरी सव्वीसवर गेली. भाद्रपदात साहेब आले. शाळेच्या पडवीत तीसच्या तीस मुलं, शिवाय बहिणींच्या मांडीवरची दोन तान्ही, आणि मागे भिंतीला टेकून धाकूबाबा.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"गुराखी, साहेब," मी म्हणालो.

"मग गुरं कुठं आहेत?"

पाटील ऐटीत पुढे झाले. "मीच बशीवला त्याला. सायब डोकी मोजनार, येक जास्त असलेला बरा!"

तेवढ्यात बांधावरून पाटलीणबाई ओरडल्या, "अवो, सगली गुरा आपल्या नाचनीत शिरली! कोन हाय का नाय?"

क्षणात पडवी रिकामी. तरटावर पाट्या आणि भोकाड पसरलेली दोन तान्ही.

साहेब म्हणाले, "मास्तर, तुमची हजेरी दोन."

शाळा गेलीच, असं मी धरून चाललो.

थोड्या वेळानं चिखलानं माखलेली पोरं परतली. पायरीवर पाय धुऊन आपापल्या पाटीपुढे बसली. मी मोजली. तीस.

त्यांतली सोनी म्हणाली, "गुर्जी, तांबी गाय लय दांडगी. ती पाटलीनकाकींच्या हातात दिली नि आलू."

साहेब हसले. "शाळेतून पळालेली मुलं पुष्कळ पाहिली. परत आलेली आज पाहिली." शेरा लिहिला : शाळा चालू ठेवावी.

संध्याकाळी पाटील उखडले. "माजी नाचनी खाल्ली. धाकूचा भात कापा!"

शेजारचे राघोबा म्हणाले, "गुराख्याला शालंत कोनी घातला? आमी का?"

सगळे हसले. पाटीलही हसले, जरा उशिरानं.

तेव्हापासून तपासणीच्या दिवशी मी आधी गुराखी रानात गेला का ते पाहतो, मग मुलं मोजतो.

झोडणीनंतर भात मापलं. अठरा घरांच्या बहात्तर पायल्या व्हायला हव्या होत्या. धाकूबाबांच्या पदरात त्र्याहत्तर पडल्या. पाटलांच्या घरून पाच आल्या होत्या. पाचवी कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.