आजारी पानांचं टेबल

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या झाडांच्या नर्सरीत माझं टेबल दाराशीच आहे. आजारी पानं पिशवीत घालून आणायची आणि मला दाखवायची. मराठी बोलणारी म्हणून आपली माणसं हटकून माझ्याकडेच येतात. दारात किआ ओरा, म्हणजे इथला माओरी नमस्कार, आणि टेबलाशी पोचेपर्यंत रडवेला चेहरा. सात वर्षांत हीप्स, म्हणजे ढीगभर किस्से साठलेत, पण खरं सांगते, हसण्यासारखे त्यात थोडेच. लायलॅकचे तर फारच वाईट. जांभळ्या, वासाच्या तुऱ्यांचं हे झुडूप आपल्या लोकांना भारी आवडतं आणि आपल्याच हातून मरतं!

*

एक पुण्याची आयटीवाली. पानांच्या कडा तपकिरी. काय घालता, विचारलं, तर दर रविवारी आंबट ताक! कढीपत्त्याला घालतात ना, मग ह्याला का नको? म्हटलं, बाई गं, ह्याला अ‍ॅसिडिक माती सोसत नाही, चुना लागतो. तिचं तोंडच उतरलं. कढीपत्ता मात्र घरात हीटरजवळ मजेत होता म्हणे.

*

नाशिकचं एक जोडपं, नवीनच आलेलं. मे महिन्यात पानं तपकिरी होऊन गळायला लागली. मे म्हटल्यावर ह्यांनी सकाळ-संध्याकाळ पाइप लावला. इथला मे म्हणजे पानगळ, झाड झोपायला निघालेलं. अंगात जॅकेट होतं, तरी हात नळाकडे गेलाच. मुळं कुजली. मी खोडाला नख लावून पाहिलं, आत कुठेच हिरवं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

*

आणि आमचे जोशीकाका, रिटायर्ड इंजिनियर. मागच्या सप्टेंबरात फांद्या घेऊन आले. शेंडे काळे, पानं तपकिरी. इथल्या ओल्या वसंतात जिवाणूंमुळे होतो तो रोग, लगेच ओळखला. झुडूप काकूंनी लावलेलं, त्यांच्या खिडकीखाली. काकू कॅन्सरने अंथरुणाला खिळलेल्या, आणि फुलं यायला जेमतेम महिना.

मी सांगितलं, काळं पडलेलं सगळं निरोगी लाकडापर्यंत कापा, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा. यंदा फुलं मिळायची नाहीत, पण झुडूप वाचेल. नाही कापलं तर थोडी फुलं दिसतील कदाचित, पण झुडूप जाईल. घरी जाऊन त्यांनी काकूंना विचारलं.

"कापा," काकू म्हणाल्या. "मी आणि ते झुडूप, दोघं एकदम जायला नको."

काकांनी कापलं. फुलं आली नाहीत. ह्या जुलैत काकू गेल्या.

परवा काका परत आले. पिशवीत एकच पान, हिरवंगार. मी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हटलं, काका, ह्याला काहीही झालेलं नाही.

त्यांनी ते पान परत माझ्यापुढे सरकवलं.

"नीट बघ गं. हिच्या वेळी डॉक्टरही आधी असंच म्हणाले होते."