पिवळ्या बसचं कॉलेज

लातूरच्या सरकारी पॉलिटेक्निकचं वर्कशॉप बघायला गेलो आणि मी दाराशीच चपला काढल्या. तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण आत ओळीनं यंत्रं उभी, एका लेथला हळदीकुंकू लावलेलं. आम्हा मुखेडच्या माणसांना अशा जागी पायताण घालून शिरणं जमत नाही. दोन पावलं आत गेलो असेन, लोखंडाचा कीस टाचेत घुसला.

"ओ काका, आधी चपला घाला!" म्हणत तिथले सर धावत आले. स्टुलावर बसवून त्यांनी चिमट्यानं कीस काढला, पट्टी बांधली. वर म्हणाले, "ॲडमिशन पोराची अन् प्रॅक्टिकल तुमचं झालं बघा."

नुकताच दहावी झालेला माझा पोरगा हसला आणि लेथकडं निघून गेला. मी मात्र मनातून खूश होतो. आता म्हणता येणार होतं, बघ, इथं किती धोका हाय.

कारण मला त्याला लातूरला पाठवायचंच नव्हतं. आमच्या चौकात एका खाजगी कॉलेजची पिवळी बस येते. सकाळी पोरं नेते, संध्याकाळी आणून सोडते. तिथली फी, सवलत धरूनही, माझ्यासारख्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं थान उलगडणाऱ्याच्या आवाक्यातली नव्हती. पण पोरगं संध्याकाळी घरी आलं असतं. मी दुकानातून यायचो तेव्हा तो पायरीवर कुणाचा तरी मिक्सर नाहीतर कुलरची मोटर उघडून बसलेला असायचा. "पप्पा, ही पट्टी धरा जरा," म्हणायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण धरायला आवडायचं. त्या धरण्यासाठी मी कर्ज काढायला निघालो होतो आणि गावभर सांगत होतो, पोराच्या भविष्यासाठी!

सर समजावत होते. तीन वर्षांचा डिप्लोमा, फी कमी, वसतिगृह आवारातच. मार्क चांगले पडले की डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात. मी मध्येच विचारलं, "अन् जेवणाचं कसं? ह्याला तुरीच्या डाळीचं वरण लागतं, पातळ."

"काका, लातुरात तुरीची डाळ न्हाई मिळायची तर मग कुठं मिळंल?"

बसस्टँडवर मी शेवटचा डाव टाकून बघितला. "पिवळ्या बसचं बघू की. मी करतो कायतरी."

पोरग्यानं हातातली पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाला, "पप्पा, मी रोज घरी येईन अन् रोज तुम्ही फीच्या काळजीत जेवताना दिसाल. ते बघत अभ्यास न्हाई व्हायचा माझ्याच्यानं. मला इथं शिकू द्या."

मला त्याच्याकडं बघवेना. "बरं," एवढंच म्हणालो. टाच दुखतीय म्हणून खाली बघत राहिलो.

पुढं त्याला वसतिगृहात सोडायला आम्ही नवरा-बायको गेलो. बायकोनं गादी घातली, चादर घातली, ती पुन्हा काढून झटकून घातली. मी खिडकीची कडी उगीच लावून बघत राहिलो. खोलीतला पंखा कुरकुरत होता आणि आमच्या चिरंजीवांचे हात शिवशिवायला लागले होते. "पप्पा, निघा आता, बस चुकंल," म्हणत तो टेबलावर चढलासुद्धा. टेबल धरायला खोलीतला नवा दोस्त उभा होता. माझी गरज नव्हती.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसलो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. बाहेरचं सोयाबीन धूसर दिसत होतं, म्हणून मी रुमाल काढून काच पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

बायको कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, घरी जाऊन रडू दोघंबी. कंडक्टर आपल्या गल्लीतला हाय, उद्या सगळ्या बाजारात सांगत फिरंल."