काठावरचं नाव

नांदेडला उतरलो तेव्हा सकाळ झाली होती, पण उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. भाद्रपदातलं आभाळ, बरसायचंही नाही आणि हटायचंही नाही, असं अडून बसलेलं. पुण्याहून रात्रभर गाडीत बसून अंग आंबून गेलं होतं. तरी मी खुशीत होतो. दोन वर्षं धीर धरून राखलेली शिकार आता हातात येणार होती.

माझा धंदा ऐकून लोक आधी हसतात. विलायतेत पूर्वी जगभरच्या मालाची मोठमोठी प्रदर्शनं भरत. त्यांत बक्षीस मिळवणाऱ्यांना जी पदकं दिली जात, ती मी शोधतो, जमवतो आणि विकतो. पदकं पुष्कळ सापडतात. पण काठावर आपल्याकडच्या माणसाचं नाव कोरलेलं पदक सापडणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

तो योग दोन वर्षांपूर्वी फोनवर आला होता. औशाच्या एका निवृत्त गुरुजींनी फोटो पाठवले होते. काशाचं पदक, त्यावर पंख असलेली स्त्री, हातात पुष्पचक्र. दुसरा फोटो काठाचा, अंधूक. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं आहेत असं वाटतं. माझी नजर पोचत नाही. काय असावं?'

मी फोटो मोठा करून पाहिला. अर्ध्या अक्षरांवर उजेडाचा ठिपका पडला होता, पण शेवटचं स्वच्छ दिसत होतं: 'राव, नांदेड.' मी तो फोटो लगेच जपून ठेवला. आणि मी उत्तर लिहिलं, 'काही विशेष नाही. कारखान्याचा शिक्का असावा. कधी तिकडे आलो तर बघीन.'

आमच्या धंद्यात डोळ्यातली चमक दिसू द्यायची नसते. चमक दिसली की भाव चढतो. म्हणून मी थांबलो.

आता निघालो त्याला निमित्त झाले ते जुन्या नांदेडातले एक चाचा; पदकाची एक डबी आल्याचा त्यांचा फोन आला होता. जुन्या सामानाचं त्यांचं दुकान म्हणजे एक बोळच. त्यांनी कंदिलांच्या मागून तांबड्या कातड्याची एक डबी काढली. झाकणावर गुरुजींच्या पदकावर होतं त्याच प्रदर्शनाचं नाव, आत मखमलीत गोल खळगा.

"खाली हाय, साहेब," चाचा म्हणाले. "पाडलेल्या घरातून आली. आतलं मेडल कुठं गेलं, अल्लाला मालूम."

मला मालूम होतं. मी डबी घेतली, शेजारच्या खानावळीत तहारी (मसाल्याचा पिवळा भात) खाल्ली आणि लातूरची एसटी पकडली.

अहमदपूरच्या अलीकडे टायर बसलं. सगळे खाली उतरलो. दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं सोयाबीन, मधूनच एखादं बाभळीचं झाड आणि कुंद हवा. मी डबी उघडून पाहत होतो. शेजारच्या बाई वाकून बघू लागल्या.

"काय हाय त्याच्यात?"

"काही नाही. रिकामी आहे."

"अन् रिकाम्या डबीपायी पुण्याहून आलाव?" त्या मनापासून हसल्या. मीही हसलो. त्या प्रवासातलं ते शेवटचंच हसणं.

लातूरला गाडी बदलून औशाला पोचेपर्यंत दुपार कलली होती. गुरुजी स्टँडवर न्यायला आले होते. पंचाहत्तरीचा, ताठ, धुतलेल्या सदऱ्यातला माणूस. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "पुण्याचे साहेब आलेत. आमच्या पणज्याचं नाव वाचायला."

मी चालता चालता थबकलो. "पणजोबांचं नाव?"

"हाव. तुम्हाला सांगायचंच राहिलं बघा." आणि त्यांनी सांगितलं. पणजोबा नांदेडचे. पागोट्यांची मलमल विणवून घ्यायचे. ते आणि पणजी एकाच साथीत गेले. दोन वर्षांच्या पोराला, म्हणजे गुरुजींच्या आजोबांना, मामानं औशाला आणलं. पोराबरोबर आलं ते हे एवढं पदक. मामाही लवकर गेला आणि बापाचं नाव सांगायला कोणी उरलं नाही. "पितृपक्षात बाप, आजा, पणजा, तिघांची नावं घ्यावी लागतात. पणज्यापाशी आलो की मी गप. भटजी पुढं जातात. परवा पंधरवडा लागतोय. येणार म्हणून तुमचा फोन आला तेव्हा म्हटलं, काठावर नसलं तरी मेडलवर दुसरीकडं कुठं असेल, यंदा तरी नाव घेऊ."

घरी गुरुजींच्या पत्नीनं, काकूंनी, पाय धुवायला पाणी दिलं. गुरुजी देव्हाऱ्यापाशी गेले. तिथं टाकांच्या (देवांच्या उमटवलेल्या प्रतिमांच्या) रांगेत, हळदीकुंकू ल्यालेली ती पंखांची बाई बसली होती. आजोबांच्या मामीनं तिला देवी समजून पुजायला घेतलं होतं. तेव्हापासून ती पूजेतच होती.

त्यांनी पदक माझ्या तळहातावर ठेवलं. ते झगझगत होतं, नव्या परातीसारखं. भिंग काढून मी काठ फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. काठ गुळगुळीत होता.

"हे घासलं कोणी?"

"वैशाखात नातीचं लगीन झालं न्हवं का," काकू म्हणाल्या. "लग्नाआधी देव उजळून आणत्यात. सोनारानं चाकावर धरून लई झ्याक केलं बगा. त्यानं इचारलं होतं, काठावर काय तरी कोरलंय, ऱ्हाऊ देऊ का? ह्येच म्हनले, न्हाई, पुण्याच्या जाणत्या माणसानं सांगितलंय, तिथं काई नाही."

गुरुजी माझ्याकडे आशेनं बघत होते. "दिसतं का काही?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. झिजलं असेल, आधीच पुसट होतं, असं काहीही चाललं असतं. पण त्या माणसानं ताठ उभं राहून एखाद्या पोरानं निकालाची वाट बघावी तशी वाट बघितली, आणि मला ते जमलं नाही. मी फोनमधला जुना फोटो काढून दाखवला आणि सगळं सांगून टाकलं.

गुरुजींनी फोन हातात घेतला. मग त्यांनी हळूच विचारलं, "मंग खोटं कामून सांगितलंत?"

"तुम्ही भाव वाढवाल म्हणून."

"इकायचा सवालच कुठं होता?" ते म्हणाले. "देव कुणी इकतं का? फकस्त वाचून पाहिजे होतं."

दोन वर्षांपूर्वी त्यांनी तेवढंच विचारलं होतं, काय असावं? विक्रीचा शब्द त्या निरोपात नव्हता, तो माझ्या डोक्यात होता. दुसरा, चांगल्या उजेडातला फोटो मागवायला मला एक ओळ लिहावी लागली असती. मला माझीच शिसारी आली.

त्यांनी फोटोतली अक्षरं बोटानं पुढं-मागं केली. "राव," ते पुटपुटले. "अर्धा मराठवाडा राव हाय, साहेब." मग पदक पुसून पुन्हा देवांच्या रांगेत ठेवलं.

मी उठायला लागलो तर काकूंनी बसवलं. भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या पिठाची, झणझणीत) वाढली. मला कोणी टाकून बोललं असतं तर घास सोपा गेला असता. निघताना मी डबी देव्हाऱ्याजवळ ठेवली. गुरुजींनी ती उघडून बघितली, मिटली आणि होती तिथंच ठेवली. मला स्टँडपर्यंत सोडायला मात्र आले. वाटेत तीच माणसं भेटत होती आणि विचारत होती, "काय गुरुजी, सापडलं का नाव?" गुरुजी प्रत्येकाला म्हणत होते, "साहेबांनी लई प्रयत्न केला."

पुण्याला परत आल्यावर कपाटातली पदकं मी बरेच दिवस उघडली नाहीत. त्यांच्या काठांवरची सगळी नावं शाबूत आहेत, आणि त्यातलं एकही माझ्या कामाचं नाही.

सर्वपित्री अमावास्येला दुपारी गुरुजींचा निरोप आला. 'आज पणजोबांच्या वेळी राव एवढं म्हणालो. दरवर्षी तेवढंही नव्हतं. आपले आभार.'