श्रद्धाचे एप्रन, माझी जळजळ

आमच्या विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरमधून कंपन्या किती बाहेर पडल्या, हे मला विचारू नका. किस्से मात्र भरपूर पडले. कंपनी बंद पडली की टेबल रिकामं करावं लागतं, किस्से तिथेच राहतात!

सेंटर म्हणजे ग्रंथालयाच्या वरचा एक हॉल. स्टार्टअप काढणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे टेबल, वायफाय आणि मार्गदर्शनाला आपटे सर, सगळं फुकट. माझं रूममेट जुळवून देणारं अ‍ॅप होतं. शेजारी ओंकार, ड्रोनवाला. त्याचं गाव महापालिकेत आलं आणि वडील शेतकऱ्याचे बिल्डर झाले. आणि समोर श्रद्धा, अमरावतीची. तिच्यावर मी जळायचो. अजूनही जळतो, खोटं कशाला बोलू?

*

निवडीच्या मुलाखतीला मी झकपक प्रेझेंटेशन नेलं होतं. त्यात एआय होतं, नकाशे होते, बाण होते. पॅनेलमधल्या एका सरांनी मधेच खिडकी उघडून घेतली.

माझ्यानंतर श्रद्धा. लॅपटॉपच नाही! पिशवीतून तिने वर्कशॉपचा एप्रन काढला आणि त्याच सरांना विचारलं, "सर, तुमचा मुलगा इंजिनिअर ना? पहिल्या वर्षानंतर त्याने एप्रन कधी घातला?"

"छे! आम्ही त्याने गाडी पुसतो."

"मग पुसायच्या आधी मला द्या ना. मी धुऊन पुढच्या बॅचला भाड्याने देते. ड्रॉइंग काढायचा ड्राफ्टर पण!"

पॅनेल हसलं आणि तिथेच तिची निवड झाली. माझी झाली, पण दुसऱ्या यादीत.

"भाड्याने एप्रन! ही काय आयडिया आहे का?" मी बाहेर येऊन ओंकारला म्हणालो.

"मला काय कळत नाय," ओंकार म्हणाला, "पण तुझं तोंड बघून वाटतंय, भारी हाय."

*

आपटे सर कधी चिडत नाहीत. आवाज न चढवता माणूस खाली बसवतात.

"आपण ग्राहकांशी बोललात का?" त्यांनी मला विचारलं.

"सर्व्हे केला ना सर! सगळे म्हणाले, अ‍ॅप नक्की वापरू."

"कोण सगळे?"

"माझे मित्र."

"अहो, मग तो सर्व्हे नव्हे. वाढदिवस झाला."

*

सेंटरमध्ये एसीखालचं टेबल एकच. ते श्रद्धाला मिळालं. ती दिवसभर हॉस्टेल-हॉस्टेल फिरायची आणि टेबलावर एप्रनचे गठ्ठे थंड हवा खायचे. मी मात्र दाराजवळ घामाघूम! शेवटी तक्रार केली.

"सर, तिच्या टेबलावर नुसते कपडे असतात. माणूस नसतो."

सरांनी चष्मा पुसला. "आणि आपल्या टेबलावर नुसता माणूस असतो."

*

माझ्या अ‍ॅपने जमवलेल्या जोड्या महिनाभरात भांडून वेगळ्या व्हायच्या. एकच जोडी टिकली. यवतमाळची ऋतुजा आणि... श्रद्धा!

मला इतका आनंद झाला, की मी अ‍ॅपवर टाकायला दोघींची मुलाखत घ्यायला गेलो. म्हटलं, चला, हिच्या यशात आपलाही वाटा!

खोलीत शिलाई मशीन खडखडत होतं. ऋतुजाला शिवण येत होतं. फाटके एप्रन ती दुरुस्त करायची, नवेही शिवायची. दोघी पार्टनर झाल्या होत्या.

"तुझ्या अ‍ॅपचे उपकार आहेत बाप्पा," श्रद्धा मनापासून म्हणाली.

त्या रात्री मी जेवलो नाही.

*

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तिचं नाव पहिलं आलं. मी उठून उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, बराच वेळ वाजवल्या.

ओंकारने माझा शर्ट ओढला. "हळू वाजव. लोकांना कळंल!"

*

आता शेवटचा किस्सा.

तिला बॅनरसाठी एप्रन घातलेला उंच मुलगा हवा होता. उंच म्हणून मी उभा राहिलो. विद्यापीठाच्या गेटवर बॅनर लागलं. वर 'आमचे यशस्वी विद्यार्थी उद्योग', खाली हसणारा मी, आणि श्रद्धाचं नाव कोपऱ्यात, बारीक.

कसब्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी ते बसमधून पाहिलं. मी घरी पोचेपर्यंत आईने आळीभर पेढे वाटले होते. वडील, जे माझ्या अ‍ॅपला 'ते मोबाईलचं' म्हणायचे, ते पहिल्यांदाच म्हणाले, "बस. दमला असशील." खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर आईने त्यात पेढा घातला.

अ‍ॅप मी त्याच आठवड्यात बंद केलं होतं. घरी माहीत नव्हतं.

रविवारी दारात श्रद्धा! फोटोचा एप्रन न्यायला आली होती. आईने तिला बसवलं, पोहे दिले आणि विचारलं, "तू पण मंदारच्याच कंपनीत का गं?"

मी जमिनीकडे बघत होतो. श्रद्धाने माझ्याकडे पाहिलं, भिंतीवर लावलेल्या बॅनरच्या फोटोकडे पाहिलं, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याकडे पाहिलं.

"हो, काकू."

"साहेब म्हणून कसा आहे?"

"चांगले आहेत," ती पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली. "फक्त कामावर येत नाहीत. उद्यापासून या म्हणावं."

आई माझ्याकडे वळली. "ऐकलंस? उद्या वेळेवर जा!"

मी पाणी आणायला आत गेलो, आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.