लाडवांचे कागद

स्वतःची भेळ संपल्यावर बाकावर शेजारी बसलेल्या मुलीने हातातला कागद सरळ केला आणि ती वाचू लागली. तेलाने डागाळलेली ओळ तर तिने उजेडाकडे धरून वाचली. मला माझं वसतिगृह आठवलं.

आई महिन्यातून एकदा एसटीने भेटायला यायची. वर्तमानपत्रात बांधलेले शेंगदाण्याचे लाडू आणायची. शाळेतलं पुस्तकांचं एकुलतं कपाट मी केव्हाच वाचून संपवलं होतं. त्यामुळे लाडू मैत्रिणी खायच्या आणि मी कागद वाचायचे. गोष्ट रंगात आली की नेमका तिथेच तो फाटलेला असायचा. एकदा आईने हे पाहिलं.

पुढच्या खेपेला प्रत्येक लाडू वेगळ्या कागदात होता.

"अगं, एवढे कागद कशाला?"

"तुला वाचायला. चित्रंबित्रं नकोत म्हटलं वाण्याला. बारीक अक्षरांचेच निवडून आणले. त्यात जास्ती असतं ना?"

आईला अक्षरओळख नव्हती. त्यातले दोन कागद कानडी निघाले. मी तेही घडी करून पेटीत जपून ठेवले. अजून नवं पुस्तक उघडताना मला गुळाचा वास येईलसं वाटतं.

त्या मुलीचा कागद वाचून संपला. मी उरलेली भेळ घाईने तोंडात कोंबली आणि माझा कागद तिच्यापुढे धरला.